होडीसाठी तळं शोधलं त्याची गोष्ट

लातूरमध्ये राहून होडी घ्यायची म्हणतोय असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, पाणी कुठंय? प्रश्न चुकीचा नाहीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी साधारण ५ लाख लिटर, आणि त्या उन्हाळ्यात टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांत मी पण होते. त्यामुळे पाण्यावर मजेसाठी जायचं हे मनात आलं तेव्हापासून मला एक पक्कं होतं, कुणाच्या पिण्याच्या पाण्याच्या आणि कुणाच्या पोटाच्या आड येऊन काही करायचं नाही. तळं निवडायला आम्हाला सबंध हिवाळा आणि वर अर्धा उन्हाळा लागला तो ह्याच्यामुळंच.

होडी म्हणजे हवा भरायची दोन माणसांची कयाक. नवऱ्याच्या आणि दिराच्या डोक्यात खूप दिवसांपासून होतं. गोव्याला जाऊन अर्ध्या तासाचे पैसे देऊन बसायचं, आणि शेवटी आपल्याकडं एवढी धरणं असून आपण कधी पाण्यात उतरतच नाही ह्याची हळहळ करत परत यायचं. मोटारबोट आम्हाला नकोच होती. एक तर आवाज, दुसरं म्हणजे इंजिन लावलं की इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ खाली नोंदणी, तपासणी सगळं आलं. वल्ह्याची, गाडीच्या डिकीत मावणारी, दोघांनी उचलता येणारी, एवढंच पाहिजे होतं. मी म्हटलं होडी दुकानात कधीही मिळती, आधी तळं ठरवू, कारण कुठल्या तळ्यावर जाणार त्यावर होडी कशी घ्यायची ते ठरणार.

जो तो सांगायचा, नाथसागराला जा. मराठवाड्यात पाणी म्हटलं की जायकवाडी, त्यात नवल नाही. मग एका शनिवारी बीड-गेवराई करत पैठणला गेलो. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, धरणाच्या भिंतीकडून पाणी बघितलं आणि खरं सांगते, छाती दडपली. २७ दरवाजांचं धरण, भरल्यावर पाण्याखालचा भाग ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास, पलीकडचा काठ दिसत नाही. सकाळी पाणी शांत होतं, अकरा वाजायच्या आत वारं सुटलं आणि बघता बघता लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला. ह्याचं कारण साधं आहे, वाऱ्याला अडवायला मधे काहीच नाही. मोकळ्या पाण्यावरून वारं जितक्या लांबून येतं तितकी लाट मोठी होत जाते, त्यामुळे तोच वारा छोट्या तळ्यात नुसता शहारा उठवतो आणि नाथसागरात फुगवलेली होडी फिरवून टाकू शकतो. पांढरा फेस सगळीकडं दिसायला लागला म्हणजे वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढं गेला असं धरायचं, आणि नवख्या माणसानं त्याच्या बरंच आधी काठावर असायला पाहिजे.

पण वाऱ्यापेक्षा मोठं कारण पक्षी. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आम्ही गेलो तेव्हा थंडी होती, उथळ पाण्यात चक्रवाक बसलेले, लांब फ्लेमिंगोंची रांग, दीर दुर्बीण डोळ्याला लावून बसला तो उठेचना. अशा ठिकाणी हौसेखातर आपली होडी घालायची आणि हजारो मैलांवरून आलेल्या पाखरांना उठवायचं, हे मला पटत नाही, परवानगीचा प्रश्न तर पुढचाच. आणि अजून एक गोष्ट त्या पाण्याकडं बघताना डोक्यातून जाईना. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची पोरं ह्याच पाण्यावर थर्माकोलच्या तुकड्यावर बसून शाळेत जातात ही बातमी २०२३ मध्ये सगळीकडं आली होती. आपण रंगीत जाकिटं घालून उतरणार आणि तिथली लेकरं जाकिटाशिवाय दप्तर सांभाळत जाणार. नाथसागर तिथंच सोडला.

नळदुर्गला पण जाऊन आलो. बोरी नदी किल्ल्याला वेढा घालून नेलेली, १६१३ चा पाणीमहाल, नर-मादी धबधबे, बघायला सुंदरच, माझ्या मते मराठवाड्यातली पाण्याची सगळ्यात हुशारीनं बांधलेली जागा. पण ती बघायचीच जागा आहे, दुसऱ्यानं चालवलेल्या बोटीत बसून फिरायची. आपली होडी घेऊन जायची नाही.

मग मांजरा. आमचं धरण म्हणजे मांजरा, केज तालुक्यात धनेगावला. लातूरच्या नळाला येणारं पाणी हेच. एकूण क्षमता २२४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला ४७ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहणारं पाणी. पावसाळ्यात रोज पेपरात टक्केवारी येते आणि आमच्याकडं म्हातारी माणसंसुद्धा आधी ती वाचतात मग बाकीचा पेपर. नवरा म्हणाला वल्हवल्यानं पाणी काय घाण होणार? त्याचं बरोबर आहे, वल्ह्यानं होत नाही. पण आपण गेलो की दुसरं कोणतरी येतं, त्याच्यामागं पार्टी करणारं टोळकं येतं, काठावर पत्रावळ्या आणि बाटल्या पडतात, आणि ते पाणी शेवटी आपल्याच माठात यायचं असतं. मी ह्या बाबतीत अडून बसले. ज्या तळ्यावर एखाद्या गावाची किंवा शहराची पाणीपुरवठा योजना आहे ते यादीतून काढायचं. यादी लगेच अर्ध्यावर आली.

उरलेल्यांसाठी दिरानं चांगली युक्ती काढली. गूगल अर्थवर जुने फोटो बघता येतात, वरची पट्टी मागं सरकवली की त्याच जागेचा एखाद्या मे महिन्यातला फोटो येतो. सेंटिनेल ह्या युरोपच्या उपग्रहाचे फोटो तर फुकट बघायला मिळतात, तो प्रत्येक ठिकाणावरून साधारण ५ दिवसांनी जातो. आम्ही रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायचो आणि एकेक तळं आधी ऑक्टोबरात बघायचो आणि मग मे महिन्यात. मराठवाड्यात हे केल्याशिवाय तळं ठरवूच नये. ऑक्टोबरात ज्याला निळंशार पाणी आहे ते मे मध्ये नुसतं तपकिरी डबकं, आणि काही वर्षी तेवढं पण नाही. २०१६ चा मे आणि नंतरच्या चांगल्या पावसानंतरचा मे शेजारी शेजारी लावून बघितले की कुठलं तळं कितपत टिकतं ते डोळ्याला दिसतं, कुणाला विचारायची गरज राहत नाही. तसली तीन-चार निघाली. माकणीचं निम्न तेरणा पण त्यात धरलं होतं, तिकडं जाऊन आलो, पाणी बऱ्यापैकी होतं पण काठापासून फार आत गेलेलं, आणि माळरान इतकं उघडं की वारं नुसतं कानात घुमत होतं. (तिकडं गेलं की किल्लारीचा विषय निघतोच, १९९३ चा भूकंप आणि धरणाचा संबंध लावणारी माणसं अजून भेटतात. चहाच्या टपरीवर त्याच्यावर तासभर बोलणं झालं, होडी राहिली बाजूला.)

आता खरं सांगायचं ते काठाचं. आम्ही सुरुवातीला सगळे जण पाणीच बघत होतो, किती मोठं, किती खोल, दिसतं कसं. दोन-तीन तळ्यांच्या काठानं चालल्यावर कळलं की होडीवाल्यानं पाण्याच्या आधी काठ बघायला पाहिजे. पाण्यात उतरायचं तिथून आणि दमून, भिजून, कदाचित वाऱ्याशी झटून परत यायचं पण तिथंच. आणि आपल्याकडचा काठ म्हणजे काळी माती. पाणी मागं सरलं की वरून वाळते, भेगा पडतात, बघणाऱ्याला वाटतं टणक आहे, आणि पाय ठेवला की खाली लोण्यासारखा गाळ. माझा पाय एका जागी गुडघ्यापर्यंत गेला, चप्पल आतच राहिली, नवऱ्यानं ओढून काढलं. होडी खांद्यावर घेऊन अशा जागी माणूस अडकला तर पाणी चार हातावर असून काही उपयोग नाही.

त्यात गाळपेर. पाणी हटलं की मोकळ्या झालेल्या जमिनीत लोक पेरतात, चारा, कलिंगड, काकडी. पाटबंधारे खात्याकडून ती जमीन पेऱ्याला दिलेली असते. जानेवारीत ज्या वाटेनं आपण पाण्यापर्यंत गेलो तिथं मार्चात कुणाचं तरी उभं पीक असतं आणि त्यातून होडी घेऊन जायचं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. शिवाय शेतकऱ्यांच्या मोटारी. काठाला चार-पाच मोटारी टाकलेल्या, त्यांच्या वायरी गवतातून, चिखलातून, काही ठिकाणी सरळ पाण्यातून गेलेल्या, जोड नुसत्या टेपनं गुंडाळलेले. मोटारींच्या जवळ पाण्यात पाय घालायचा नाही, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. मोटार चालू आहे का बंद ते लाइटच्या वेळापत्रकावर असतं, आपल्याला काठावरून कळत नाही.

आणि वेडी बाभूळ. आपल्याकडं एक तळं दाखवा जिथं वेडी बाभूळ नाही. तिचा काटा गाडीचं टायर पंक्चर करतो, मग हवेच्या होडीचं काय. वाळून पडलेल्या फांद्या चिखलात दबलेल्या असतात, वरून दिसत पण नाहीत. ह्याच्यामुळं आम्ही होडी घेताना बुडाला जाड थर असलेली घेतली आणि सोबत एक जुनी सतरंजी ठेवतो, होडी फुगवायची ती सतरंजीवरच आणि पाण्यापर्यंत न्यायची ती उचलून, ओढायची नाही.

शेवटी जे तळं ठरलं त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. छोटा सिंचनाचा तलाव आहे, लातूरपासून फार लांब नाही, तिथल्या मासेमारी सोसायटीच्या लोकांनी गर्दी आणू नका म्हणून सांगितलंय आणि मी शब्द दिलाय. पण तो सापडला कसा ते सांगते. आम्ही काठावर उभं राहून कुठून उतरता येईल ते बघत होतो तेवढ्यात एक मामा जाळं खांद्यावर टाकून आले. साठीच्या पुढचे, भोई समाजाचे, त्याच तळ्यावर सगळा जन्म गेलेला. म्हणाले, "ताई, कुठं चाललाव?" मी सांगितलं होडी घालायचा विचार आहे. त्यांनी आधी विचारलं, "मासं धरायला?" नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नुसतं फिरायला? बरं हाय की. पर हितून नगा उतरू."

मग हातातली काठी घेऊन ते पुढं आणि आम्ही मागं. दर चार पावलांवर काठी रोवायचे. हातभर सहज आत गेली की मान हलवायचे आणि पुढं चालायचे. असं करत करत तळ्याला वळसा घालून जवळजवळ सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या जागेच्या, अलीकडं एका जागी आलो, तिथं काठी चार बोटं गेली आणि कर्रर्र आवाज करून थांबली. "मुरूम हाय," म्हणाले. बैलगाडी मावेल एवढा मुरमाड पट्टा, उतरत थेट पाण्यात गेलेला, पूर्वी गुरं पाण्यावर न्यायची ती वाट. वर दोन कडुनिंब, गाडी सावलीत लावता येते. त्यांनी अजून एक दाखवलं जे आम्हाला कुठल्याच फोटोत दिसलं नसतं. उन्हाळ्यात इथं वारं बहुतेक पश्चिमेकडून, आणि तो पट्टा पूर्वेच्या काठावर. म्हणाले, "वारं सुटलं तरी तुमाला हिकडंच आणून सोडतंय. पलीकडून उतरला असता तर परत जायाला वारं अंगावर." मी त्या क्षणी नवऱ्याकडं बघितलं आणि तो पण माझ्याकडं, तळं ठरलं.

परवानगीचं काम त्यानंतर. तलाव ज्यांच्या ताब्यात त्या कार्यालयात अर्ज दिला, आवक नंबर घेतला. मजेसाठी स्वतःची होडी असा अर्ज त्यांच्याकडं कधी आलेलाच नव्हता त्यामुळे कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. एक साहेब म्हणाले मासेमारीचा ठेका आहे, आधी सोसायटीची ना हरकत आणा. हे त्यांचं बरोबर होतं. सोसायटी पैसे भरून तळं घेते, कटला रोहू मृगळाचं बीज सोडते, वर्षभर राखते, त्यांच्या पाण्यात आपण न विचारता फिरायचं म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या रानातून गाडी घालण्यासारखं आहे. मामांनीच अध्यक्षांकडं नेलं. त्यांच्या अटी साध्या होत्या. जाळी सकाळी काढून झाल्यावरच उतरायचं, बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की ते जाळ्याचे बोये समजून लांबून वळसा घालायचा, वल्हं अडकलं तर ओढायचं नाही, हाक मारायची. कार्यालयाचं पत्र पण नंतर आलं, स्वतःच्या जबाबदारीवर, इंजिन नाही, कालव्याला पाणी सोडलेलं असताना विमोचकाकडं, म्हणजे ते पाणी सोडायच्या दाराकडं, फिरकायचं नाही, सांडवा वाहत असताना पाण्यातच उतरायचं नाही. शेवटची अट मी सगळ्यात जास्त मनावर घेतलीय. छोट्या तलावाच्या सांडव्याला दरवाजे नसतात, तळं भरलं की पाणी आपोआप वरून पडायला लागतं, वरून शांत दिसतं आणि आतून त्या बाजूला ओढ असते.

जाकिटांच्या बाबतीत पैसे वाचवू नका. दुकानात दोन प्रकार दाखवतात, ५० न्यूटनवालं आणि १०० न्यूटनवालं, न्यूटन म्हणजे जाकीट किती जोरानं वर उचलून धरतं त्याचं माप. ५० चं पोहता येणाऱ्यासाठी, तरंगायला मदत करतं एवढंच. १०० चं माणूस पालथा पडला तर त्याला उताणं करायला, तोंड पाण्याच्या वर ठेवायला बनवलेलं असतं. मी माहेरी विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, दिराला तर पोहताच येत नाही, त्याच्यासाठी १०० चं घेतलं आणि माझ्यासाठी पण तेच घेतलं, कारण विहिरीत पोहणं वेगळं आणि गार पाण्यात अचानक पडल्यावर हातपाय हलवणं वेगळं. उतरायच्या आधी जाकीट घालून काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम आडवं झालो, होडी उलटी करून परत सुलटी केली, परत चढून बघितलं. गुरं धुणारी पोरं हसत होती पण मामा म्हणाले हे चांगलं केलं.

वळवाचं पण सांगते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारी ढग दाटून येतात आणि अर्ध्या तासात वादळ, गारा, विजा. मोकळ्या पाण्यावर आपणच सगळ्यात उंच असतो. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, विजेची सूचना देतं, ते उघडून बघितल्याशिवाय आम्ही घरातून निघत नाही, आणि काही झालं तरी दहाच्या आत काठावर. गडगडाट ऐकू आला की विचार करत बसायचं नाही, परत फिरायचं, आणि झाडाखाली नाही तर गाडीत बसायचं.

पहिल्यांदा उतरलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. सूर्य वर यायचा होता, पाण्यावरून वाफ निघत होती, वल्ह्याचं पाणी टपटप पडायचं तेवढाच आवाज. तळ्याच्या मधोमध गेल्यावर नवरा म्हणाला गाव इथून किती लहान दिसतं बघ. मी ह्याच भागात जन्मले, वाढले, लग्न होऊन पण लातूरलाच, आणि आपलं गाव पाण्यावरून कसं दिसतं ते मी कधीच बघितलं नव्हतं. देवळाचा कळस, भिंतीवरनं चाललेली शेरडं, पलीकडं कुणाच्या तरी रानात ज्वारीची काढणी. मामा त्यांच्या ट्यूबवर बसून जाळं काढत होते, आमच्याकडं बघून हात केला. नंतर काठावर आल्यावर आम्ही मासे विकत घेतले, तेव्हापासून ते ठरूनच गेलंय, जायचं तेव्हा मासे त्यांच्याकडूनच.

मे च्या पहिल्या आठवड्यात पाणी इतकं उतरलं की मुरमाचा पट्टा संपून खाली गाळ लागला, तेव्हा होडी धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावर ठेवली. ह्या तळ्याचा मोसम सांडवा थांबल्यापासून मुरूम संपेपर्यंत, त्याच्यापुढं ओढून न्यायचं नाही असं आमचं ठरलंय. उन्हाळ्यात उतरता येईल असं दुसरं एखादं बघायचं आहे. अहमदपूरच्या पलीकडं नांदेड जिल्ह्यात लिंबोटीचं धरण आहे, मन्याडवरचं, फोटोत मे मध्ये पण पाणी बरं दिसतं. तिथून पिण्याच्या पाण्याच्या कुठल्या योजना आहेत ते आधी विचारायचं आहे आणि मग काठ बघायला जायचं आहे. लोहा-कंधारकडचं कुणी असेल तर तिकडं मुरूम कुठल्या गावाच्या बाजूला लागतो आणि दुपारचं वारं कुठून येतं तेवढं सांगा, काठी घेऊन आम्ही येतोच.